उशाखालची जर्मन

विहिणीला इंग्रजी येत नाही ही बातमी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अमरावतीला गावंड्यांच्या घरी आली, आणि दुर्गाबाईनं देवापुढे साखर ठेवली.

यात साखर ठेवण्यासारखं काय, असं ज्याला वाटत असेल त्याला अकोल्याची जाऊ नसणार, एवढंच म्हणता येईल. दुर्गाबाईला होती. माणिकबाई तिचं नाव. थोरल्या दिराची बायको, मुलींच्या शाळेतून हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झालेली, इंग्रजीत अर्ज लिहिणारी आणि त्याहून वाईट म्हणजे इंग्रजीत हसणारी. दुर्गाबाई चौथीतून घरी बसलेली. शाळेत राहिलं ते राहिलं, पण जिभेला तिनं कधी सुटी दिली नाही. त्या जिभेपुढे अख्खी गल्ली वचकून असायची. शेजारचा पुंजाराम स्वतःच्या मळ्यातली भाजी विकायचा, तो तिला मेथी देताना जुडी स्वतःच आधी उलटीपालटी करून पाहायचा. आणि अशा बाईला पस्तीस वर्षं, चार माणसांत बोलायची वेळ आली की माणिकबाई हलकेच मागं सारायची आणि म्हणायची, "आमची दुर्गा साधी आहे हो. तिच्या वतीनं मीच बोलते." पोरांच्या शाळेत बोलली, दवाखान्यात बोलली. थोरल्या पियुषच्या लग्नात तर वरमाय दुर्गाबाई आणि विहिणीशी बोलली माणिकबाई. वाघिणीच्या वतीनं शेळीनं डरकाळी फोडावी आणि लोकांनी म्हणावं, वा, काय शुद्ध उच्चार.

आता धाकट्या ललितचं लग्न. ललित जर्मनीत, तिथल्याच लेना नावाच्या पोरीशी जमवलेलं. तिकडच्या सुट्या आणि इकडचा मुहूर्त हे दोघं फक्त मे महिन्यात एकमेकांना भेटत होते, म्हणून लग्न मे महिन्यात. आणि थोरल्या घराचा मान म्हणून अकोल्याला. लेनाला बाप नव्हता. आई उर्सुला एकटी येणार होती, खेड्यातली, गाईगुरांची. "आई, तिले इंग्रजीचा एक शब्द येत नाही," ललित फोनवर चिंतेनं म्हणाला.

दुर्गाबाईला ती चिंता कानाला बासुंदीसारखी लागली. म्हणजे माणिकबाईचं इंग्रजी गेलं खड्ड्यात. आता दोघी जावा एका पायरीवर, दोघी अडाणी. आणि दुर्गाबाईच्या मनात विहिणीसाठी एक वाक्य तयार होतं. लेकीला सात समुद्रांपलीकडच्या घरात देणाऱ्या बाईला ते ऐकायचंच असतं, आणि ते वरमाईनंच सांगायचं असतं: बाई, तुमची पोरगी आता माझी, तिची काळजी करू नका. बस, एवढंच. पण आपल्या तोंडानं आणि तिच्या भाषेत.

ललित म्हणाला, मी सांगतो ना तिला. त्यावर दुर्गाबाईनं त्याला जे ऐकवलं त्यातलं छापण्याजोगं एवढंच, की वरमाईच्या मनातलं नवरदेवानं आपल्याच सासूला सांगायचं असेल तर मग लग्नही वाजंत्रीवाल्यानंच लावावं.

झोपेत शिकायची कल्पना रागिणीची. रागिणी म्हणजे पियुषची बायको, थोरली सून, पोरगी बरी पण तिचा अर्धा जीव फोनमध्ये. तिनंच शोधून काढलं की फोनवर झोपेत जर्मन शिकवणारी एक बाई आहे. ती आधी हिंदीत वाक्य म्हणते, मग जर्मनमध्ये दोनदा म्हणते, मध्ये थोडं थांबते. मागं झुळझुळ पाणी वाहत राहतं. माणसानं फक्त झोपायचं. दुर्गाबाईला हे फार पसंत पडलं, कारण बासष्टाव्या वर्षी वही-पेन घेऊन बसलेली ती कोणाला दिसणार नव्हती. जागेपणी शिकलं आणि आलं नाही तर अब्रू जाते. झोपेत नाही आलं तर कोणाला कळतं?

पहिल्या रात्री फोन उशाखाली ठेवला. पण खोलीत कूलर. वऱ्हाडातला मे महिन्यातला कूलर म्हणजे घरात उभा केलेला ट्रॅक्टर; त्याच्यापुढे ती बिचारी जर्मनवाली काय बोलणार. कूलर बंद केला तर नवरा नत्थुजी अंगावर पाणी शिंपडत उठून बसला. दुसऱ्या रात्री कानात वायर घातली. ती वायर पोतीत गुंतली, पोत गळ्यात आवळली, आणि पहाटे नत्थुजीनं कात्री आणून नेमकी पोत कापली, वायर ठेवली. काळे मणी वेचता वेचता दुर्गाबाई त्याला म्हणाली की इतक्या वर्सांत तुमच्या हातून एक काम सरळ झालं असतं तं मी आज बालवाडीत बसली नसती.

मग गच्चीवर जायचं ठरलं. मे महिन्यात आमच्याकडे सगळी गल्ली गच्चीवर झोपते. घराला घर आणि गच्चीला गच्ची लागून. मध्ये कमरेएवढी भिंत. एका गच्चीवर माणूस कुशीवर वळला की तिसऱ्या गच्चीवरचा विचारतो, काय झालं. अशा जागी गुपचूप शिकायला जाणं म्हणजे बसस्टँडवर आंघोळीला बसण्यासारखं. पण तहानलेल्या माणसाला विहिरीची खोली दिसत नाही.

फोनचा आवाज उघड्यावर पुरेना. तेव्हा डावीकडच्या गच्चीवरून खुशालराव मदतीला आले. खुशालराव एका शाळेत तीस वर्षं शिपाई होते. वर्गाबाहेर स्टुलावर बसून पेंगण्यात त्यांची हयात गेली आणि त्या पेंगण्यात त्यांचे एकोणतीसपर्यंतचे पाढे पाठ झाले. "वहिनी, आतमधले पोट्टे जागे होते, ते नापास झाले," ते म्हणाले. "मी झोपलेलो होतो, मले अजून येते." असा जिवंत पुरावा भिंतीपलीकडे उभा असताना शंका कोण घेणार. त्यांनी भजनी मंडळाचा स्पीकरचा डबा आणून दिला, उशी उत्तरेकडे नको म्हणून सांगितलं आणि पोटावर झोपलं तर भाषा पोटात जाते, डोक्यात नाही, असा इशाराही दिला.

दुर्गाबाई पाठीवर झोपली. स्पीकर उशाशी. जर्मनवाली बाई म्हणाली, नमस्ते. आणि नमस्तेची जर्मन येईपर्यंत दुर्गाबाई गाढ.

रात्री दोनच्या सुमारास गल्लीत धावपळ सुरू झाली. घराघरांतून गुंड, बादल्या, पिंप खडखडले. पाणी येऊन राहिलं, नळ आला, असं म्हणत माणसं अंधारात जिने उतरली. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो आणि कधी येईल ते त्याचं त्यालाच ठाऊक, त्यामुळे पाण्याचा आवाज कानावर पडला की माणूस आधी बादली धरतो आणि मग जागा होतो. सगळ्यांनी तोट्या पिरगाळल्या. तोट्या कोरड्या आणि वरून पाण्याची झुळझुळ चालूच. अर्ध्या तासानं कोणाच्या तरी ध्यानात आलं की पाणी गावंड्यांच्या गच्चीवर वाहत आहे आणि ते जर्मनीचं आहे.

दुर्गाबाई यातल्या कशालाही उठली नाही. सकाळी तिला एवढंच कळलं की गल्ली आपल्याकडे पाहून तोंड फिरवते आहे. जर्मनचा एक शब्द आठवत नव्हता, तो भाग वेगळा.

तीन दिवसांनी ठाण्यातून बोलावणं आलं. भरलेली नाही अशी बादली घेऊन दोन जिने चढलेल्या कोणीतरी तक्रार केली होती: रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक. गावंड्यांच्या घरातली बाई ठाण्याची पायरी चढते, हेच मुळी सात पिढ्यांत झालं नव्हतं. दुर्गाबाई इस्त्रीची साडी नेसून गेली. जमादार वयस्क, सभ्य माणूस. त्यानं खुर्ची दिली आणि एक कागद पुढं घेऊन विचारलं, कार्यक्रम कोणत्या प्रकारचा. कागदावर धार्मिक, सांस्कृतिक आणि विवाह असे तीनच होते. दुर्गाबाईनं विवाह सांगितला. नवरानवरी कुठं आहेत म्हटल्यावर जर्मनीत म्हणून सांगितलं. वाजंत्री किती वाजेपर्यंत, तर वाजंत्री नाही, एक बाई बोलते.

"काय बोलते ती बाई?" जमादारानं लेखणी थांबवली.

"मले माहीत असतं तं मी एवढी खटपट कायले केली असती?" दुर्गाबाई म्हणाली. "ती बोलते तवा मी झोपलेली रायतो."

जमादारानं लेखणीला टोपण लावलं. मग कागद घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "काकू, आवाज बारीक ठेवा अन् शेजाऱ्याईची ना-हरकत लिहून आणा. मी तक्रार मिटवून टाकतो. वरच्यांनी इचारलं तं मले हे समजावून सांगता येणार नाही."

म्हणजे जे जगापासून लपवायचं होतं ते आता घरोघर जाऊन, सही घेऊन, स्वतःच सांगायचं. दुर्गाबाई पंधरा घरं फिरली. पाण्याचा आवाज तेवढा रागिणीनं कसातरी काढून टाकला होता, त्यामुळे लोकांचा राग ओसरला होता. पण सही मागायला गेल्यावर जे कळलं ते रागापेक्षा जड होतं. पुंजाराम म्हणाला, सही करतो, पण आकडे रात्री तीनच्या आत लावत जा, तीनला मला भाजी घेऊन निघावं लागतं, माझे अकराच्या पुढचे राहून जातात. खुशालराव म्हणाले, वहिनी, दुसरा धडा पुन्हा पुन्हा कायले लावता, आमचा झाला तो. एका घरात तर शेंबडं पोर पाटावर बसून धन्यवाद म्हणत होतं, जर्मनमध्ये.

दुर्गाबाई घरी आली आणि पाणी पिऊन बसली. काय झालं होतं ते तिला आत्ता दिसलं. झोपणारी ती एकटी होती. बाकी गल्ली उकाड्यानं तळमळत आठ-आठ तास ऐकत होती.

घरातलंच घ्या. नत्थुजी दर्यापूरची शेती ठोक्यानं दुसऱ्याला कसायला देऊन मोकळे झाले तेव्हापासून त्यांना झोप नाही. एक दिवस सकाळी ते ओट्याजवळ येऊन म्हणाले, "आइनन काफे, बिट्टे." दुर्गाबाईनं हातातली सांडशी टाकली, त्यांना उजेडात नेलं आणि तोंड कोणत्या बाजूला वाकडं झालं ते पाहिलं. दोन्ही हात वर करायला लावले. हात वर करून नत्थुजीनं सांगितलं की लकवा नाही, कॉफी मागून राहिलो. या घरात कॉफी कधी आली नव्हती. कारभाऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं आणि तेही परक्या भाषेत. भिंतीपलीकडून खुशालराव रोज सकाळी दात घासता घासता विचारू लागले, "वो इस्ट देअर बानहोफ?" म्हणजे स्टेशन कुठं आहे. तीस वर्षं त्यांना स्टेशन माहीत होतं. पुंजाराम मेथीच्या जुड्या आइन्स, त्स्वाय, द्राय अशा मांडायचा आणि गिऱ्हाइकं कौतुकानं एक जुडी जास्त घ्यायची.

दुर्गाबाईनं उपाय केले नाहीत असं नाही. कडक चहा पिऊन पडली, चहासकट झोपली. टाकीला पाठ टेकून बसली. बसल्या बसल्या झोपली. एकदा उभी राहिली, तर रागिणीनं वेळीच धरलं म्हणून बरं. रागिणी भीत भीत म्हणाली, आई, दिवसा पाच मिनिटं ऐका ना, मी म्हणून दाखवते. शेवटी देवघराचं दार लावून तेही झालं. पण जागेपणी ते शब्द तोंडात आले की दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं, आणि बाहेरून नत्थुजी चुका सुधारायचे. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला नवऱ्यानं दाराआडून उच्चार शिकवावेत, यापेक्षा जमिनीनं पोटात घ्यावं. जमीनही मेली उन्हानं टणक झालेली.

रोज संध्याकाळी अकोल्याहून फोन यायचा. माणिकबाईनं फोनमध्ये एक सोय करून घेतली होती. मराठीत बोललं की फोन जर्मनमध्ये बोलतो. "तू मुळीच काळजी करू नकोस दुर्गा," ती म्हणायची, "तुझ्या वतीनं मी आहे ना." दुर्गाबाई फोन ठेवायची आणि कोणालातरी शोधायची. जो सापडेल त्याला बोलणी बसायची.

लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा तिनं हार मानली. स्पीकरचा डबा पुसून खुशालरावांना परत दिला आणि आजपासून बंद म्हणून सांगितलं. संध्याकाळी गल्लीतली दहा माणसं ओसरीवर येऊन बसली. एकोणिसावा धडा चालू आहे, असं अर्ध्यात सोडलं तर आमचं नुकसान होईल, असं त्यांचं म्हणणं. दुर्गाबाईनं त्यांना नुकसान म्हणजे काय ते नीट समजावून दिलं. ते निमूट गेले आणि डबा खुशालरावांच्या गच्चीवर लागला. भिंतीअल्याड दुर्गाबाई पाठ करून झोपली. झोप मात्र लागली. झोपेनं तेवढी साथ सोडली नाही.

लग्नाच्या दिवशी गल्ली बसनं अकोल्याला निघाली. अकोल्यात मे महिन्यात लग्न ठेवणाऱ्याच्या पापाचा हिशोब वेगळ्या वहीत होत असणार. कार्यालयाच्या दारात उर्सुलाबाई उभी होती. उंच, हाडापेरानं दणकट, साडी कशीबशी गुंडाळलेली आणि चेहरा पिकल्या टमाट्यासारखा. तिच्या डोळ्यांत ओवाळणीच्या कापराच्या धुराचं पाणी होतं की दुसरं, ते कळत नव्हतं. तिला पाहिलं आणि दुर्गाबाईला वाटलं, ही माझ्यासारखीच आहे. बोलता येत असतं तर हिनंही दोन-चार माणसं सरळ केली असती.

विहीणभेट झाली. हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, गळाभेट झाली. आता. बसमध्ये रागिणीनं निदान नमस्काराचे दोन शब्द घोकून घेतले होते. दुर्गाबाईनं तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. जीभ होती, तिच्यावर एक शब्द नव्हता. पुंजारामाचा गाडा संध्याकाळी दिसतो तसं. उर्सुलाबाई वाट पाहत राहिली. माणिकबाई जरीच्या काठांतून पुढं आली, फोन समोर धरला आणि थांबली. फोन उन्हानं तापून बंद पडला होता, पडदा काळाठिक्कर. दुर्गाबाईला त्या एका क्षणात अकोल्याचं ऊन देवासारखं वाटलं.

तो क्षण तेवढाच टिकला, कारण मागून बस रिकामी झाली. खुशालराव हात जोडून पुढं आले आणि त्यांनी स्टेशन कुठं आहे ते विचारलं. नत्थुजीनं कॉफी मागितली. पुंजारामानं वीसपर्यंत आकडे म्हणून दाखवले, न अडखळता. उर्सुलाबाई आधी चकित झाली, मग तिनं तोंडावर हात धरला. तीन दिवसांत लेक-जावयाशिवाय कोणाच्या तोंडून तिनं आपली भाषा ऐकली नव्हती. तिनं खुशालरावांना मिठी मारली. खुशालरावांचा फेटा सुटला. कोणीतरी बिल मागितलं, कोणी पासपोर्ट हरवल्याचं सांगितलं, ती एकेकाला उत्तर देत होती, हसत होती, डोळे पुसत होती. गल्लीभोवती ती आणि तिच्याभोवती गल्ली. वरमाय खांबाशी उभी.

माणिकबाई जवळ आली आणि अगदी मायेनं म्हणाली, "दुर्गा, तुझ्या वतीनं तुझ्या गल्लीनं छान बोलून दाखवलं हो."

अक्षता पडल्या तेव्हा दुर्गाबाई उभी होती, एवढं फोटोत दिसतं. पंगतीची पानं मांडली तशी ती वरपक्षाच्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. वरमाय रुसली, बाहेर कोणीतरी आनंदानं म्हणालं. आमच्याकडे वरमाईनं रुसायचं आणि विहिणीनं समजूत घालून पंगतीला न्यायचं, हा रिवाजच आहे. त्यामुळे खरोखर जीव तुटलेल्या बाईकडे कोणी येईना. उलट सगळ्यांना बरं वाटलं की लग्न यथासांग झालं. दुर्गाबाई गादीवर पडली. पदर डोळ्यांवर घेतला. तिला वाटलं, वाघिणीची शेळी व्हायला खरंच किती वेळ लागतो. पहाटे तीनपासून उठलेली होती. कूलरचा वारा आला आणि ती गेली.

जाग आली तेव्हा खोलीत माणसं होती. उर्सुलाबाई गादीवर शेजारी बसलेली, दुर्गाबाईचा हात तिच्या दोन्ही हातांत. कोपऱ्यातल्या खुर्चीवर माणिकबाई, शाळेत तपासणीला अचानक साहेब यावा तशा चेहऱ्यानं. दारात मुंडावळ्या बांधलेला ललित.

"आई, तू वीस मिनिटं जर्मन बोलली," तो म्हणाला.

"तुहा बाप बोलला असन," दुर्गाबाई म्हणाली. "मी झोपली होती."

"झोपेतच बोलली."

हे थट्टेचं ठिकाण नाही, असं ती त्याला सांगणार होती. पण माणिकबाई खुर्चीतून कष्टानं म्हणाली, "बोललीस दुर्गा. मी ऐकलं. उच्चारही चांगले होते." पस्तीस वर्षांत माणिकबाईनं दिलेलं हे पहिलं सर्टिफिकेट, आणि ज्या परीक्षेचं ते होतं तिला दुर्गाबाई हजर नव्हती.

काय काय झालं ते ललितनं सांगितलं. रिवाजाप्रमाणे रागिणीनं उर्सुलाबाईला वरमाईची समजूत घालायला आत पाठवलं होतं. ती शेजारी बसली तशी दुर्गाबाईनं डोळे मिटूनच तिला नमस्कार केला आणि स्टेशन कुठं आहे विचारलं. उर्सुलाबाईला वाटलं, आपल्या गावचं विचारते. तिनं सगळी वाट सांगितली, चर्चच्या मागून, गोठ्यावरून, ओढ्याच्या पुलावरून. दुर्गाबाईनं पासपोर्ट हरवल्याचं सांगितलं, तर ती म्हणाली, तुम्ही या, मी शोधून देईन. दुर्गाबाईनं डॉक्टर मागितला, तर तिनं कपाळावर हात ठेवला. बिल मागितलं, तर म्हणाली, आता आपल्यात कसलं बिल. आणि दुर्गाबाईनं आभार मानले, अकरा वेळा. उर्सुलाबाई तेव्हापासून हात सोडायला तयार नव्हती.

दुर्गाबाई उठून बसली. पदर सारखा केला. "अन् ते?" तिनं विचारलं. "तुमची पोरगी आता माझी, काळजी करू नका. ते म्हटलं काय मी?"

ललितनं खाली पाहिलं. "ते त्या धड्यांत नव्हतं, आई."

उर्सुलाबाई आता तिच्याकडे पाहून काही बोलू लागली. लांबलचक, जिवाभावाचं काहीतरी, मध्ये लेनाचं नाव दोनदा आलं. मग थांबली आणि उत्तराची वाट पाहू लागली. दुर्गाबाईनं पदर पुन्हा सारखा केला. ती जागी होती. विहिणीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गोंधळलं. मग तिला काहीतरी सुचलं. तिनं दोन्ही तळवे जोडून गालाखाली घेतले, डोळे मिटून दाखवले, आणि उशी थोपटली. झोपा, म्हणत होती. म्हणजे बोलता येईल.

दारात तोपर्यंत गल्ली जमली होती. खुशालरावांनी सगळ्यांना गप्प केलं. लग्नघरात वरमाईनं भरदिवसा, जावेसमोर, पंगत खोळंबलेली असताना, फर्माईश झाली म्हणून झोपावं, यापरतं काही उरलं नव्हतं. पण विहिणीचे डोळे तसे होते. दुर्गाबाई आडवी झाली आणि डोळे मिटले.

झोप येईना. दारातले सगळे श्वास धरून उभे होते, तो श्वास धरण्याचा आवाजच केवढा. माणिकबाई खुर्ची सोडून उशाशी आली आणि पहिल्यांदाच काही न बोलता थोपटू लागली, त्यानं तर उरलीसुरलीही गेली. दुर्गाबाईनं मनात हजार आकडे मोजले, मराठीत. शेवटी तिनं एक डोळा किलकिला केला.

उर्सुलाबाई कलंडली होती. अकोल्याचं ऊन, तीन दिवसांचा शीण आणि कूलरचा वारा यांच्यापुढे कोणाचं काय चालतं. गादीच्या दुसऱ्या टोकाला, साडी सुटलेली, तोंड उघडं.

दुर्गाबाई हळूच उठली. तिनं गल्लीला बोटानं बाहेर काढलं, ललितला काढलं. "जाऊबाई, तुमीही जेवाले चला," ती कुजबुजली. "इथं कोणाच्या वतीनं बोलाचं नाही." माणिकबाई गेली. दुर्गाबाईनं कूलरचं तोंड विहिणीकडे वळवलं, साडीचा पदर तिच्या अंगावर घातला, आणि उशीजवळ गुडघे टेकून तिच्या कानाशी वाकली.

"बाई, तुमची पोरगी आता माझी. तिची काळजी करू नका."

उर्सुलाबाई घोरत होती. दुर्गाबाई थोडी थांबली, आणि तेच वाक्य, तितक्याच सावकाश, पुन्हा म्हणाली.